शेठची दुपारची गोळी

माझा धंदा आवाजाचा आहे. रिक्षाच्या टपावर दोन भोंगे बांधून मी यवतमाळात आणि आसपासच्या गावांत हिंडतो. साड्यांचा सेल, डोळ्यांचं शिबिर, हरवलेली म्हैस, उद्या नळाला पाणी येणार नसल्याची सूचना, आणि कुणी गेलं असेल तर अंत्ययात्रा कुठून नि किती वाजता निघणार, हे सगळं गावाला माझ्या तोंडून कळतं. प्रत्येकासाठी माझ्याकडे वेगळा गळा आहे. एकदा पांढरकवड्याच्या बाजारात मी चुकून मयतीच्या गळ्यात प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची जाहिरात केली, तर एक म्हातारी टोपली खाली ठेवून, डोक्यावरचा पदर सारखा करून विचारायला आली, "कोण गेलं रे बाप्पा?" मी म्हटलं, आजी, किंमत खाली गेली. तिनं दोन खुर्च्या घेतल्या.

हे एवढ्यासाठी सांगितलं, की मला लोकांना पटवता येतं. माणसं, म्हाताऱ्या, पोलीस, माझी बायको, यांतल्या सगळ्यांना मी कधी ना कधी पटवलेलं आहे. एकच प्रेक्षक असा भेटला, की त्याच्यासमोर माझी सगळी कला पालथ्या घड्यावर पाणी. तो कुत्रा होता.

लोहाऱ्याच्या रस्त्यावर एमआयडीसीच्या अलीकडे एक टिनाचं लांबट शेड आहे. अर्ध्यात माझे भोंगे, बॅटऱ्या, वायरींची भेंडोळी. अर्ध्यात मिस्त्रीचं मोटारसायकलचं गॅरेज. मध्ये टिनाचाच पडदा. मिस्त्री शेडच्या मागच्याच दोन खोल्यांत राहतो, तो आणि भाभी. पोरी लग्न होऊन गेल्या. साठी ओलांडलेला, काटकुळा, कमी बोलणारा माणूस. मी एका दमात जेवढं बोलतो, तेवढं त्याला महिनाभर पुरतं. लहानपणापासून त्याचा एकही रोजा चुकलेला नाही असं भाभी सांगायची. मिस्त्री स्वतः तेही सांगायचा नाही.

कुत्रा त्याच्या गॅरेजचा. तांबूस, एक कान पडलेला. गिऱ्हाईक आलं की हा दारातल्या जुन्या सीटवर बसून त्याला वरपासून खालपर्यंत बघायचा, उठायचा नाही. म्हणून सगळे त्याला शेठ म्हणायचे. घरात त्याला प्रवेश नव्हता. कुत्र्याची लाळ लागलेले कपडे नमाजाला चालत नाहीत, म्हणून मिस्त्रीचा एक वेगळा शर्ट होता, ग्रीसनं काळा झालेला. शेठला हात लावायचा तो त्या शर्टात.

मागच्या वर्षी हिवाळ्यात कुणीतरी मटणाच्या तुकड्यांना फवारणीचं औषध चोळून ते आमच्या रस्त्याच्या कडेनं टाकलं. कापसाच्या मुलखात विष शोधायला लांब जावं लागत नाही, घराघरात न्हाणीच्या फळीवर एक डबा असतोच. सकाळी मी शटर उघडायला आलो तेव्हा नालीपासून पानठेल्यापर्यंत कुत्री पडली होती. काही मेली होती, काहींचं अजून संपलं नव्हतं. शेठ मिस्त्रीच्या दारापर्यंत आलेला होता. तोंडातून लाळेची तार गळत होती आणि अंगातला एकेक स्नायू वेगळा थरथरत होता, जणू कातडीखाली उंदीर धावत होते. आम्ही त्याला पोत्यात घालून माझ्या रिक्षात टाकलं आणि सरकारी गुरांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या मॅडमनी दिवसभर त्याच्यावर मेहनत घेतली. बाकीची कुत्री नगरपालिकेच्या गाडीनं गेली. शेठ वाचला.

विष कुणी टाकलं ते सिद्ध झालं नाही. आमचा ज्यांच्यावर संशय होता ते अजूनही मला जाहिरात देतात, आणि मी ती पहिल्याच उत्साहानं करतो. पोट आहे.

शेठ वाचला, पण त्यानं अन्न सोडलं. दूध ठेवा, हाड ठेवा, हुंगायचा आणि माघारी फिरायचा. त्याच्या जिवाला कळलं होतं की माणूस प्रेमानं टाकतो तोही तुकडा मारतो. बरगड्या दिसायला लागल्या. शेवटी मिस्त्री काळा शर्ट घालून त्याच्यासमोर उकिडवा बसला, भाभीनं दिलेली गव्हाची रोटी उलगडली, एक तुकडा तोडून स्वतः खाल्ला, आणि तीच रोटी पुढे धरली. शेठ बघत राहिला. मिस्त्रीनं पुन्हा एक घास खाल्ला. मग शेठ उठला, जवळ आला, आणि त्यानं रोटी घेतली.

मी टिनाच्या फटीतून हा प्रयोग बघत होतो, आणि धंद्यातला माणूस असल्यामुळे माझ्या लक्षात आलं की शेठ मिस्त्रीच्या तोंडाकडे बघत नाहीय. तो गळ्याकडे बघतोय. गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली, घास उतरला, तरच ते अन्न. नुसतं चावणं त्याच्या लेखी नाटक होतं. त्या दिवसापासून तोच नियम झाला. आधी मिस्त्रीनं गिळायचं, मग शेठनं.

इतपत ठीक होतं. पण विष जाताना एक गोष्ट मागे ठेवून गेलं. शेठला झटके यायला लागले. चालता चालता एकदम आडवा व्हायचा, चारही पाय हवेत सायकल मारल्यासारखे, जबडा कटकट वाजतोय, खाली लघवीचं थारोळं. संपलं की उठायचा आणि आंधळ्यासारखा भिंतींना धडकत फिरायचा. मॅडमनी गोळी लिहून दिली, माणसांचीच, मेडिकलमध्ये मिळणारी. दर आठ तासांनी, पहाटे, दुपारी, रात्री, आणि ती जन्मभर. दोन वेळची दुसरी गोळी आहे, पण ती यकृतावर येते, आणि याच्या यकृताची विषानं आधीच वाट लावलीय, असं त्या म्हणाल्या. दुपारची चुकवू नका, उन्हाचे दिवस येताहेत. अंग तापलेलं असताना झटका आला आणि थांबलाच नाही, तर माझ्याकडे आणेपर्यंत काही उरणार नाही.

गोळी पांढरी, लांबट, आणि कडू. मी चाटून पाहिली होती, संध्याकाळपर्यंत जिभेवरून कडूपणा गेला नाही.

पहिल्यांदा हे काम मी अंगावर घेतलं. मिस्त्री गोळी रोटीत घालून देईल, त्यात मजा काय? मी पेढ्यात घातली. शेठनं पेढा खाल्ला आणि गोळी धुतल्यासारखी स्वच्छ करून माझ्या चपलेवर ठेवली. मी कलेजीत घातली, गुळात घातली, कुटून दह्यात कालवली. दही त्यानं बघितलंसुद्धा नाही. मग मोबाइलवर एका गोऱ्या माणसानं दाखवलं, त्याप्रमाणे मी जबडा उघडून जिभेच्या मागे गोळी सोडायला गेलो. गोऱ्या माणसाचा कुत्रा हसत होता. शेठ हसला नाही. मला अंगठ्यापासून मनगटापर्यंत फाडलं, आणि मी सरकारी दवाखान्यात कुत्रा चावलेल्यांच्या रांगेत जाऊन बसलो. तिथल्या नर्सनं माझा आवाज ओळखला. "तुमीच ना ते, मोकाट कुत्र्यायपासून सावध राहा म्हणणारे?" मी हो म्हटलं. तिनं सुई जरा जास्तच प्रेमानं टोचली.

तेव्हापासून शेठच्या लेखी माझी जागा विषारी मटण टाकणाऱ्यांच्या बाजूला गेली. मी समोर बसून अख्खी भाकर गिळून दाखवली तरी तो तोंड फिरवायचा. गोळीचं काम मिस्त्रीकडे गेलं. रोटीच्या एका तुकड्यात गोळी दडपायची, दुसरा तुकडा स्वतः खायचा, गिळायचा, मग तो पुढे करायचा. शेठ घ्यायचा. पहाटे आणि रात्री मिस्त्री त्याच्या गळ्यावर दोन बोटं ठेवून घास उतरेपर्यंत बसायचा. झटके थांबत आले. मी हरलो होतो, पण खुश होतो.

मग रमजान लागला, आणि तो लागला नेमका मार्चात.

पहाटेचं अडचणीचं नव्हतं. सहरीला मिस्त्री जेवायचा तेव्हा शेठही जेवायचा. रात्रीचंही नव्हतं. दुपारचं काय? ही गोष्ट रमजानच्या आदल्या संध्याकाळपर्यंत आमच्या दोघांच्याही डोक्यात आली नव्हती. मिस्त्रीच्या डोक्यात नाही, कारण रोजा ही त्याच्यासाठी विचार करण्याची बाबच नव्हती, सूर्य उगवतो तसा तो असतो. माझ्या डोक्यात नाही, कारण मी त्या वेळी पकोड्यांचा विचार करत होतो. इफ्तारचे पकोडे दरवर्षी मला पडद्याच्या अलीकडे मिळतात.

पहिल्या दुपारी मिस्त्रीनं युक्ती केली. थुंकी गिळल्यानं रोजा तुटत नाही. त्यानं रिकामा हात तोंडापाशी नेला, खोटं खोटं चावलं, आणि थुंकी गिळली. घाटी व्यवस्थित वर गेली, खाली आली. फटीतून मी मनातल्या मनात टाळी दिली, असा अभिनय मी जन्मात केला नसता. शेठ उठला. जवळ आला. आणि त्यानं मिस्त्रीच्या ओठांना नाक लावून हुंगलं. रोटीचा वास नव्हता. तो परत सीटवर जाऊन बसला, आमच्याकडे पाठ करून.

मग मी पडलो मध्ये. मिस्त्रीचा काळा शर्ट घातला, हाताला ग्रीस फासलं, त्याची टोपी घातली, त्याच्यासारखा खाकरलो. भाभी मागच्या दारातून बघत होती. ती म्हणाली की चालायला मिस्त्रीसारखं जमलंय, फक्त पोट अजून तमाशातल्या सरदाराचं आहे. मी शेठसमोर बसून भाभीचीच रोटी खाल्ली, खरोखर गिळली. त्यानं एकदा शेपूट हलवली, शर्टाला. मग वर माझ्या तोंडाकडे बघितलं आणि शेपूट थांबली. मी गिळत राहिलो. रोज दुपारी एक उपाशी माणूस दूर बसून बघतोय, एक आजारी कुत्रा जवळ बसून बघतोय, आणि मध्ये मी रोट्या खातोय. इतकं वाईट जेवण मी कधी जेवलो नाही.

दुपारच्या गोळ्या चुकत गेल्या. एका दुपारी, एमआयडीसीची शिफ्ट सुटायच्या सुमाराला, शेठ रस्ता ओलांडत असताना पडला. डांबर तापून मऊ झालेलं. त्याचे पाय हवा कापत होते आणि डोकं डांबरावर आपटत होतं. पोरं गाड्या थांबवून बघायला लागली, कुणी म्हणालं पिसाळलाय, कुणीतरी दगड उचलला. मी भोंगा हातात घेऊन, मयतीचा नाही, म्हशीचा नाही, एक वेगळाच गळा काढून त्यांना मागे हटवलं. मिस्त्रीनं त्याला पोत्यावर ओढून सावलीत आणलं, वर पाणी ओतत राहिला. झटका थांबता थांबेना. थांबला तेव्हा शेठची जीभ निळी पडली होती, आणि त्याच्या एका बाजूची कातडी डांबराला लागून सोलली गेली होती.

मिस्त्री ओल्या शर्टात बसून होता. त्याच्या ओठांना पापुद्रे आले होते. मी म्हटलं, मिस्त्री, पाणी तुमच्याच हातात आहे आणि तुमीच कोरडे. त्यानं उरलेलं पाणी शेठवर ओतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं शटर अर्धं खाली ओढलं आणि मला म्हणाला, "भोंग्या, बाहीर बस. कोणी आलं त सांग, मी नमाजाले गेलो."

मी काहून म्हणून विचारलं नाही. त्याच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. शटर पूर्ण खाली गेलं.

त्या दिवसापासून रमजान संपेपर्यंत मी रोज दुपारी त्या शटरसमोर स्टूल टाकून बसलो. मी आयुष्यात बरंच खोटं बोललो आहे, पण इतक्या भक्तीनं कधीच नाही. गिऱ्हाइकांना मी मिस्त्रीच्या नमाजाची अशी वर्णनं केली, की एक गिऱ्हाईक म्हणालं, बिचाऱ्याला इतकी लांब नमाज पढावी लागते, मोठं संकट दिसतंय. मोहल्ल्यातले दोघं आले, त्यांना मी मिस्त्री सामान आणायला गेल्याचं सांगितलं, कारण नमाजाचं त्यांना पटलं नसतं, ते मशिदीतूनच येत होते. आत काय चाललंय ते मला आवाजावरून कळायचं. फडकं उलगडल्याचा आवाज. मग शांतता. मग लगेच नळ सुरू व्हायचा, आणि मिस्त्री खळखळून गुळण्या करायचा, पुन्हा पुन्हा, तोंडाला अन्नाचा वास राहू नये म्हणून. तेवढ्यात शेठ आतल्या जुन्या टायरांच्या ढिगामागे जायचा. शटर वर व्हायचं तेव्हा तो जिभल्या चाटत, शतपावली करून आल्यासारखा बाहेर यायचा.

भाभीला मी काही सांगितलं नव्हतं. मिस्त्रीनंही नव्हतं. पहिल्या काही दिवसांत मिस्त्री सहरीतली उरलेली रोटी चोरून आणायचा, ती दुपारपर्यंत कडक व्हायची. मग एक दिवस शटरच्या आतल्या कडीला फडक्यात बांधलेली ताजी रोटी टांगलेली सापडली. भाभीचा स्वतःचा रोजा असायचा. तिनं भर उन्हात, कोरड्या तोंडानं, एकच रोटी भाजलेली होती. ती रोज तिथे दिसायला लागली. नवरा-बायकोंत त्यावरून एक अक्षर झालं नाही, हे मला खात्रीनं माहीत आहे, कारण पडदा टिनाचा आहे.

झटके पूर्ण थांबले नाहीत, पण कमी झाले. आम्ही श्रेय गोळीला दिलं.

ईद झाली. शीरखुर्मा खाऊन मी पडद्याच्या अलीकडे पोट धरून पडलो होतो, तेव्हा मिस्त्री आला. मौलानांना भेटून आला होता. त्यांना सगळं सांगितलं होतं, म्हणाला. मौलाना भला माणूस. त्यांनी सांगितलं की जिवावर रहम केलीस, ती अल्लाह जाणतो. तू अडचणीत होतास, तेव्हा जेवढे तुटले तेवढे रोजे नंतर धरलेस तरी चालण्यासारखं आहे. पण रोजाची नीयत, म्हणजे मनाशी संकल्प, करून मग जाणूनबुजून, काही मजबुरी नसताना खाल्लं असेल, तर त्याची भरपाई म्हणजे दोन महिने लागोपाठ रोजे. मध्ये एक तुटला, तर पुन्हा पहिल्यापासून. कुठलं ते तूच ठरव, तुझ्या मनाचं तुला ठाऊक.

मी म्हटलं, ठरवायचं काय त्यात, मजबुरीच होती. आख्ख्या रस्त्यानं पाह्यलं ते कुत्रं.

मिस्त्रीनं पाना उचलून पुसला. मग म्हणाला, "रोज पहाटे मी नीयत करो. वाटे, आज मी न खाता थो तसाच खाईल. दुपारी शटर ओढो, घास तोंडात घालो." त्यानं पाना खाली ठेवला. "भोंग्या, तो घास गोड लागे. कुत्र्यासाठी खाऊन राह्यलो म्हणे मी, अन् जीभ माही खुश होये. मंग मजबुरी कायची?"

मी शीरखुर्म्याचं भांडं उगाच चमच्यानं खरवडत बसलो.

त्यानं दोन महिन्यांचे धरले. एप्रिल आणि मे. यवतमाळात त्या दिवसांत चिमण्या उडताना पडतात. बाकी सगळं गाव पाणी पिताना दिसतं, आणि हा माणूस तापलेल्या टिनाखाली, सायलेन्सर उघडत बसलेला. रमजानात निदान सगळ्यांचे असतात. हे त्याचे एकट्याचे होते. भाभीनं मीही धरू का विचारलं, तर नको म्हणाला.

आणि शेठची दुपारची गोळी तिथेच होती. आता मिस्त्रीनं एक घास गिळला असता तर सगळे दिवस वाया.

मी पुन्हा उभा राहिलो. या वेळी नाटक सोडलं. मिस्त्रीनं पहाटे अर्धी खाऊन ठेवलेली रोटी घ्यायची, त्याच्या दातांच्या खुणेपासून पुढे मी खायची, शेठपासून लांब, त्याच्याकडे न बघता. रोज तेवढंच. जयंतीचं काम होतं, माझे भोंगे दूर गावी होते, तरी दुपारी मी रिक्षा हाणत यायचो. काही दिवस त्यानं खाल्लं. मी त्याच्या गळ्याला हात लावू शकत नव्हतो, पण टक लावून बघायचो, आणि गळा हलायचा. बहुतेक दिवस त्यानं खाल्लं नाही. मिस्त्री तेव्हा उठून रस्त्यावर उन्हात जाऊन उभा राहायचा. रोटी आणि शेठ एकत्र दिसतील अशा जागी तो बसतच नसे.

मे सरत आला होता. मिस्त्रीचे थोडेच दिवस उरले होते. त्या सकाळपासून शेठला एकामागून एक झटके येत होते. मॅडम लसीकरणाला कुठल्या पाड्यावर गेल्या होत्या, फोनवर त्यांनी सांगितलं, मधल्या वेळात शुद्धीवर असेल तर गोळी पोटात जाऊ द्या, मी निघते. दोन झटक्यांच्या मध्ये शेठनं डोळे उघडले. मी रोटी खाल्ली, गिळली, त्याच्या तोंडाशी धरली. त्यानं मान बाजूला केली आणि दाराकडे बघितलं. दारात मिस्त्री उभा होता.

मिस्त्री आत आला. उकिडवा बसला. माझ्या हातातून रोटी घेतली.

मी म्हटलं, "मिस्त्री, पह्यल्यापासून धरा लागन."

"धरीन," तो म्हणाला, आणि त्यानं घास तोंडात घातला.

तो चावत होता. कोरड्या तोंडात रोटी लवकर मऊ होत नव्हती. शेठ पडल्या पडल्या त्याच्या गळ्याकडे बघत होता. त्याच्या पोटाची हालचाल थांबली, तेव्हाही डोळे तिथेच होते, त्यामुळे आम्हाला उशिरा कळलं. मी शेठच्या छातीवर हात ठेवला. मग मिस्त्रीकडे बघून मान हलवली.

मिस्त्रीनं तोंडातला लगदा तळहातावर काढला. उठून नळापाशी गेला, गुळण्या केल्या. परत येऊन म्हणाला, "घास गयाखाली नाही गेला." रोजा शाबूत होता.

शेडच्या मागे मुरमाड जमीन. आम्ही दोघांनी कुदळीनं खड्डा केला, बराच वेळ लागला, आणि तो एवढा खोल झाला नाही जेवढा व्हायला हवा होता. रात्री दुसरी कुत्री उकरतील म्हणून मिस्त्री म्हणाला, वर जुने टायर रचू. तो मातीवर पाय देऊन ती दाबत राहिला आणि मी टायर आणायला आत गेलो.

ढिगाच्या मागचा, सगळ्यात खालचा टायर उचलला. त्याच्या आतल्या पन्हळीत सुकलेल्या रोटीचे तुकडे होते, आणि त्यांत गोळ्या. काही अख्ख्या, पांढऱ्या, लांबट. काही विरून चुन्यासारख्या झालेल्या. मूठभर भरतील एवढ्या. मी आधी म्हटलं, या माझ्या असतील, पेढ्याच्या दिवसांतल्या. पण मी रोटीतून गोळी दिली ती मिस्त्रीच्या उष्ट्या, शिळ्या रोटीतून, उघड्या शटरात, माझ्या डोळ्यांसमोर. हे तुकडे पातळ, ताज्या रोटीचे होते, फडक्याचे धागे चिकटलेल्या. भाभीच्या. कडीला टांगलेल्या.

शेठ मिस्त्रीचा गळा बघत होता. मिस्त्री तेव्हा नळाखाली तोंड धरून उभा असायचा. मी बाहेर स्टुलावर बसून त्याच्या नमाजाची गाणी गात असायचो. शेठचा गळा बघायला आत कुणीच नव्हतं. त्यानं रोटी घेतली होती, विश्वासानंच घेतली होती, आणि कडू ते मागे नेऊन ठेवलं होतं. सगळ्याच दुपारी की काही दुपारी, ते आता कोण सांगणार.

मी त्या गोळ्या खिशात घातल्या आणि टायर घरंगळत बाहेर नेला.

"काय भेटलं थ्या टायरात? एवढा वेळ?" मिस्त्रीनं विचारलं.

"उंदरानं घर केलतं," मी म्हटलं.

टायर रचून झाले. आम्ही शेडच्या सावलीत बसलो. ऊन उतरत होतं. मिस्त्री त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त बोलला. म्हणाला, साऱ्या दुनियेवरून त्याचा भरोसा उठला होता, पण रमजानातल्या शटरामागच्या थ्या दुपारी एकही दिवस त्यानं घास नाकारला नाही. माझं खाणं हराम झालं असेल, पण त्याच्या तर पोटात गेलं.

माझ्यासारख्या माणसाच्या पोटात तीळ भिजत नाही, हे लोहाऱ्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. ही एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा. मिस्त्री मराठी बोलतो, पण वाचतो फक्त उर्दू. त्या भरवशावर इथे लिहितो आहे.

अजान झाली. भाभीनं दाराआडून ताट पुढे केलं. मिस्त्रीनं खजूर तोंडात घातला, पाणी प्यायला, आणि मी नकळत त्याच्या गळ्याकडे बघत राहिलो, घाटी वर गेली, खाली आली. मग त्यानं रोटी तोडून अर्धी माझ्यापुढे धरली. मी तुकडा तोंडात घातला. चावला. चावत राहिलो. दुसरा हात खिशावर होता.

मिस्त्री माझ्याकडे बघत होता.

"गिय ना बे," तो म्हणाला.

मी गिळला.